पांडवकडा : धबधबा कड्यावर, धोका खालच्या ओढ्यात

पनवेल तालुक्यात पावसाळा लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. खारघरच्या डोंगरावरून एक पांढरी रेघ खाली उतरते, आणि त्या रेघेकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलिसांचे बॅरिकेड लागतात. तरीही शनिवार-रविवारी आडवाटेनं माणसं आत शिरतात. मग एखाद्या वर्षी अशी बातमी येते की चार दिवस सगळा तालुका हळहळतो.

पांडवकड्याबद्दल मोबाइलवर फोटो भरपूर मिळतात, माहिती मात्र कमी. हा धबधबा आहे कसा, त्याचं पाणी येतं कुठून, आणि उंच कड्यापेक्षा खालचा गुडघाभर ओढा जास्त घातक का, हे तालुक्यातल्या माणसाला तरी नीट माहीत असायला हवं. कारण बाहेरून आलेला पर्यटक वाट विचारतो ती इथल्याच माणसाला.

नेमका आहे कुठे?

रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात, खारघर वसाहतीच्या पाठीमागच्या डोंगरात पांडवकडा आहे. हार्बर मार्गावरच्या खारघर स्टेशनपासून तो पाचेक किलोमीटरवर येतो. नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली, तिचं सेंट्रल पार्क स्टेशन त्याहून जवळ पडतं. डोंगराच्या पायथ्याला सिडकोचं गोल्फ कोर्स आहे आणि त्याच्यामागं कडा उभा आहे.

आजचं खारघर म्हणजे टॉवर, कॉलेजं, मॉल. पण हा पट्टा मुळात भातशेतीचा, खाजणाचा आणि खाडीचा. ओवे, मुर्बी, बेलपाडा, कोपरा, रोहिंजण, पेठपाडा ही इथली जुनी गावं. 1970 साली सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित झाल्या आणि हळूहळू शेतांचे सेक्टर झाले. 1 ऑक्टोबर 2016 ला पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा खारघर तिच्यात आलं. तोवर इथं ग्रामपंचायत होती, हे आज नव्यानं राहायला आलेल्यांना सांगून पटत नाही.

डोंगराच्या माथ्यावर मात्र अजून वाड्याच आहेत. फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी वस्त्या वर आहेत. खाली मेट्रो धावते आणि वर नाचणी-वरीची खाचरं. दोघांमध्ये अंतर म्हणाल तर एका डोंगराचं. पांडवकड्याचं पाणी या माथ्याकडूनच खाली येतं, म्हणून या वाड्यांचा उल्लेख पुढं परत येणार आहे.

उंची 107 मीटर, म्हणजे किती?

धबधब्याची उंची 107 मीटर सांगितली जाते. तीन मीटरचा एक मजला धरला तर ही पस्तीस मजल्यांची इमारत झाली. जगप्रसिद्ध नायगारा धबधबा साधारण 50 मीटरचा, म्हणजे उंचीच्या बाबतीत आपला पांडवकडा त्याच्या दुप्पट. गोवा-कर्नाटक सीमेवरचा दूधसागर 310 मीटरचा. तो टप्प्याटप्प्यानं उतरतो. पांडवकड्याचं पाणी बऱ्याच अंशी कडा सोडून सरळ खाली झेपावतं.

पण नायगाऱ्याशी तुलना उंचीपर्यंतच ठेवलेली बरी. नायगाऱ्याच्या मागं समुद्रासारखी मोठी तळी आहेत, त्यामुळे तिथं पाणी बाराही महिने वाहतं आणि त्यात अचानक मोठी चढ-उतार होत नाही. पांडवकड्याच्या मागं ना तळं, ना धरण, ना बारमाही नदी. वर फक्त डोंगराचा माथा आहे. त्यावर पाऊस पडला की धबधबा, नाही पडला की ओला दगड. जूनच्या शेवटी तो जागा होतो, जुलै-ऑगस्टमध्ये भरात असतो, दिवाळीनंतर त्याची धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात तिथं काळाकभिन्न कोरडा कातळ दिसतो.

सगळा धोका या एका गोष्टीत आहे.

पाणी अचानक का वाढतं?

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आता एक चौरस किलोमीटर माथा धरा. त्यावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडं जुलैमध्ये असा पाऊस नवलाचा नाही, तर ते पाणी होतं पाच कोटी लिटर. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर.

सपाट भातखाचरात हेच पाणी बांधांत अडतं, मुरतं, सावकाश पुढं सरकतं. डोंगरावर तसं होत नाही. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. भर पावसाळ्यात जमीन आधीच भिजून फुगलेली असते, तिच्यात आणखी पाणी मुरायला जागाच नसते. त्यामुळे वर पडलेलं पाणी थोड्याच वेळात कड्यावर आणि तिथून खालच्या ओढ्यात येतं. गाढीसारख्या नदीला पूर यायला काही तास लागतात, लोकांना गुरं हलवायला वेळ मिळतो. डोंगरओढ्याला तेवढा वेळ नसतो.

यात फसवी गोष्ट ही, की पाऊस वर पडत असतो आणि माणूस खाली उभा असतो. माथा ढगात गुडूप, खाली मात्र नुसती भुरभुर किंवा चक्क ऊन. पाण्यात बसलेल्यांना वाटतं आज पाऊस कमी आहे.

गावाकडची मंडळी ओढ्याची लक्षणं ओळखतात. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, पाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, ओढ्याचा आवाज जड झाला, मघाशी पाण्याबाहेर असलेला दगड बुडाला, तर समजायचं की वरून पाणी निघालं. मग विचार करत बसायचं नाही, सामानही गोळा करायचं नाही. वलगणीचे मासे किंवा मुठे पकडायला ओढ्यात उतरणाऱ्या पोरांना हे लहानपणीच शिकवलेलं असतं. शहरातून आलेल्या कॉलेजच्या मुलांना कोण शिकवणार?

ऑगस्ट 2019

3 ऑगस्ट 2019 रोजी, शनिवारी, पावसाळी सहलीला आलेल्या कॉलेजच्या मुलामुलींपैकी चार तरुणी खारघरच्या या ओढ्यात वाहून गेल्या. वय जेमतेम अठरा-एकोणीस. त्या कड्यावर चढल्या नव्हत्या. घात केला तो ओढ्याच्या पाण्यानं. पांडवकड्याच्या परिसरातल्या दुर्घटनांच्या बातम्या काढून पाहिल्या तर हेच पुन्हा पुन्हा दिसतं: डोहात बुडून, नाहीतर ओढा ओलांडताना वाहून.

हे फक्त पनवेलचं दुखणं नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात बहुतेक लहान मुलं. त्याचा व्हिडिओ सगळ्या राज्यानं पाहिला. एकमेकांना धरून ती माणसं पाण्याच्या मधोमध उभी होती आणि पाणी वाढत होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ रील बनवणारी एक तरुणी दरीत पडून गेली. पाठोपाठ अशा बातम्या येऊनही पुढच्या रविवारी गर्दी तेवढीच असते, हे बॅरिकेडवर उभ्या असलेल्या कोणत्याही पोलिसाला ठाऊक आहे.

गुडघाभर पाण्यात माणूस का टिकत नाही?

पोहता येतं म्हणून ओढ्याला न भिणारे बरेच असतात. पण ओढ्यात पोहणं हा प्रश्नच नसतो, उभं राहणं हा असतो. वेगानं वाहणारं वीतभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यात खाली शेवाळलेला दगड. पाय सटकला की माणूस आडवा होतो, आणि आडव्या माणसाला पाणी लाकडाच्या ओंडक्यासारखं पुढं नेतं. डोकं दगडावर आपटलं तर पट्टीचा पोहणाराही काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट पाऊल अडकण्याची. वाहून जाणारा माणूस घाबरून उभं राहायला जातो, पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो आणि वरचं पाणी त्याला खाली दाबतं. म्हणून वाहून जायची वेळ आलीच तर पाठीवर राहायचं, पाय पुढे, म्हणजे पाणी जातंय त्या दिशेला ठेवायचे, आणि तिरकं तिरकं काठाकडं सरकायचं. पाणी उथळ आणि संथ झाल्याशिवाय उभं राहायचं नाही.

काठावरच्या माणसानं मागोमाग उडी टाकायची नाही. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं जातात, हे आपल्या विहिरी-तळ्यांवरसुद्धा दरवर्षी घडतं. दोर, ओढणी, साडी, लांब बांबू, बूच लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, जे तरंगेल किंवा हाताला लागेल ते फेकायचं. पाणी वाढलं आणि आपण पलीकडच्या काठावर अडकलो, तर तिथंच उंचावर जाऊन बसायचं. डोंगरओढ्याचं पाणी जसं झटकन चढतं तसं पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा तासा-दोन तासांत उतरतंही. गाडी पलीकडं उभी आहे म्हणून त्याच पाण्यातून यायची घाई करायची नाही.

धबधब्याच्या थेट खाली उभं राहणं हा वेगळाच वेडेपणा. पाण्याबरोबर दगडही येतात. 107 मीटरवरून सुटलेला नारळाएवढा दगड साडेचार-पाच सेकंदांत खाली येतो आणि तेव्हा त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढं असतो. पाण्याच्या आवाजात तो येताना ऐकूही येत नाही.

कडा तयार कसा झाला?

सह्याद्री आणि आपला हा सगळा परिसर काळ्या बसाल्ट खडकाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थंड झाला, त्यावर पुन्हा आला. असे एकावर एक थर साचले. काही थर टणक, काही भुसभुशीत. मधेमधे तांबड्या मातीचे पट्टेही दिसतात. पाऊस आणि ओढे मऊ थर आधी खातात, मग वरचा टणक थर आधाराविना राहतो आणि तुकड्यातुकड्यानं कोसळतो. म्हणून आपल्याकडचे कडे असे उभे, कापल्यासारखे. पावसाळ्यात दगड सुटतात तेही याचमुळं. ते कड्याचं रोजचं काम आहे.

यात पनवेलचं एक वेगळेपण आहे, जे पनवेलकरांपेक्षा बाहेरच्या भूशास्त्रज्ञांना जास्त माहीत असावं. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर भाकऱ्या रचून ठेवाव्यात तसे बरेचसे आडवे आहेत. पण कोकणात उतरून पनवेलच्या पट्ट्यात आलं की हेच थर पश्चिमेकडं, समुद्राच्या बाजूला कललेले आढळतात. थरांच्या या वाकाला जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ‘पनवेल फ्लेक्शर’ असं नाव आहे. भारताचा पश्चिम किनारा त्या प्राचीन काळात सेशल्सच्या भूभागापासून तुटून वेगळा झाला, त्या ओढाताणीशी हा वाक जोडला जातो. म्हणजे मुंबईला जाताना गाडीच्या खिडकीतून दिसणारे हे डोंगर तालुक्याचं नाव जगाच्या नकाशावर नेऊन बसलेत, आणि तालुक्याच्या शाळांतून त्याची साधी एक सहलही निघत नाही.

पांडवांचं नाव कसं लागलं?

वनवासात असताना पांडव इथं आले आणि या पाण्याखाली त्यांनी स्नान केलं, अशी आख्यायिका आहे. महाराष्ट्रात जे जुनं, मोठं आणि कुणी केलं ते ठाऊक नाही, त्याला पांडवांचं नाव लागतंच. नाशिकची पांडवलेणी मुळात बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली, दोन हजार वर्षांच्या आसपासची. पण लोकांच्या तोंडी ती पांडवांचीच. नावातला ‘कडा’ मात्र शंभर टक्के खरा. लोकांनी या जागेला पाण्यावरून नाव दिलं नाही, कातळावरून दिलं. आठ महिने दिसतो तो कातळच.

डोंगर जळतो तेव्हा

धबधब्याची गोष्ट पावसाळ्यात सुरू होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये खारघरच्या डोंगरावर वणवे लागतात. रात्री खालच्या इमारतींमधून आगीची लांब माळ दिसते, लोक तिचेही व्हिडिओ काढतात. वाळलेलं गवत जळतं, त्याबरोबर साग, ऐन, कुडा, पळस यांची कोवळी रोपं जळतात, जमिनीवरचा पाचोळा जातो. हा पाचोळा म्हणजे डोंगराची गोधडी. पावसाचा थेंब त्यावर पडला की जिरतो. उघड्या जमिनीवर पडला की माती घेऊन पळतो. म्हणजे उन्हाळ्यात जितका डोंगर जळला, तितकं पावसाळ्यात पाणी जास्त जोरानं आणि जास्त गाळ घेऊन खाली येणार. हा गाळ कड्यावरच थांबत नाही. ओढ्यातून, वसाहतीतल्या नाल्यांमधून तो खाडीकडं जातो, आणि नाले तुंबले की रस्त्यावर पाणी येतं. तेव्हा दोष पावसाला दिला जातो.

जो भाग वाचतो तो पहिल्या पावसात हिरवा होतो. जूनमध्ये शेवळं निघतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. श्रावणात तेरडा आणि कळलावी फुलते, भाद्रपदात सोनकीचा पिवळा रंग पसरतो. पनवेलच्या बाजारात पावसाळ्यात आदिवासी बायका रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसतात, त्या अशाच डोंगरउतारांवरून गोळा केलेल्या असतात. त्यांच्यासाठी हा डोंगर पिकनिक स्पॉट नाही, जूनपासूनची कमाई आहे.

बंदी कुणाची आणि शिक्षा काय?

खारघर रायगड जिल्ह्यात असलं तरी पोलिसांच्या बाबतीत ते नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं. आणि कड्याचा डोंगर वनखात्याचा. धोक्याच्या ठिकाणी पावसाळ्यात जमावबंदी किंवा प्रवेशबंदी लावली जाते ती पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 झालं. असा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेश मोडल्यामुळे कुणाच्या जिवाला धोका झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाट दाखवतो म्हणून पैसे घेऊन बंदीच्या जागी लोकांना नेणाऱ्यांनीही हे कलम एकदा वाचून घ्यावं.

बंदी असावी की नसावी, यावर पनवेलमध्ये दोन बाजू आहेत. रेलिंग, पायवाट, तिकीट आणि जीवरक्षक ठेवून जागा खुली करा, गावच्या पोरांना काम मिळेल, असं म्हणणारे आहेत. चहा, भजी, मक्याची कणसं विकणाऱ्यांचा हंगाम बंदीनं जातो, हेही खरं. दुसरीकडं, रेलिंगनं पाणी थांबत नाही. जागा खुली करायची असेल तर आधी वर पाऊस किती पडतोय हे खाली कळायची सोय हवी. माथ्यावर एक पर्जन्यमापक आणि पायथ्याशी भोंगा, याला काही कोटींचा प्रकल्प लागत नाही. तोवर बॅरिकेडवर उभ्या असलेल्यांकडं फणसवाडी-चाफेवाडीतल्या दोन-चार जणांचे नंबर असले तरी पुष्कळ. वर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला तर तो सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो.

पाहायचाच असेल तर

बंदी नसलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून, गोल्फ कोर्सच्या बाजूनं, कडा लांबून दिसतो. जोराचा पाऊस होऊन गेल्यावर तासाभरात गेलं तर पाणी भरपूर असतं, आणि लांब असल्यामुळे भिजण्यापलीकडं काही होत नाही. गाडी वळणावर किंवा नाल्यावरच्या पुलावर उभी करू नये. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा रायगडसाठीचा अलर्ट पाहावा. ऑरेंज किंवा रेड असेल तर त्या दिवशी कुठल्याच ओढ्याजवळ, गाढेश्वरकडंही, जाऊ नये.

संकटात 112, रुग्णवाहिकेसाठी 108, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077 आणि डोंगरावर वणवा दिसला तर वनखात्याचा 1926 हा नंबर आहे. डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. फोन लागला नाही तर एकानं जिथं अपघात झाला ती जागा नजरेत ठेवून काठावरच थांबावं आणि दुसऱ्यानं रस्त्याकडं पळावं. पाणी माणसाला बरंच खाली नेतं, त्यामुळे शोध घेणाऱ्यांना तो शेवटचा कुठं दिसला हे नेमकं सांगणारं कुणीतरी लागतं.